तुम्ही विचारलंत म्हणून: दर वर्षी नांदूरलाच का?

मुलीच्या शाळेच्या दारात उभी असले की, नाहीतर सोसायटीच्या जिन्यात, हा प्रश्न दर फेब्रुवारीत येतोच. "पुन्हा नांदूरमध्यमेश्वर? मुलांना कंटाळा नाही येत? यंदा दुसरीकडे जा की कुठेतरी."

नांदूरमध्यमेश्वर म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं पक्ष्यांचं अभयारण्य. नाशिकजवळ दुसरी ठिकाणं आहेतच. अंजनेरी आहे, रामशेज आहे, पांडवलेणी तर हाकेच्या अंतरावर. तिथेही जातो आम्ही. पण नांदूरचे दोन रविवार ठरलेले: एक संक्रांतीच्या आसपासचा, दुसरा फेब्रुवारीच्या अखेरचा. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा कडेवर. तो दिवस फसलाच होता. निघायला उशीर झाला, काठावरच्या चापडगावला पोचेपर्यंत साडेदहा वाजले आणि ऊन चढलं. पक्षी पार पाण्याच्या मध्यावर, नुसते ठिपके. दुर्बीण पोरीच्या डोळ्यांना बसेना. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर उभी राहून ती रडायला लागली, "आई, काहीच दिसत नाहीये." आमच्या आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे दुखतात, त्यामुळे त्या खालीच काठावर सतरंजी टाकून बसल्या होत्या. त्यांनी खालून हळूच हात केला.

त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर, पाणकणसांच्या दाटीत एक जांभळी पाणकोंबडी होती. जांभळं-निळं अंग, लाल जाड चोच, लांबच लांब बोटं. तिनं एक कोवळा दांडा चोचीनं उपटला, एका पायाच्या बोटांत धरला आणि वरची सालं ओढून काढत आतला पांढरा गाभा खाऊ लागली. आपण ऊस सोलून खातो ना, अगदी तसं. एक संपला की दुसरा. पोरगी आजीच्या मांडीला टेकून पंधरा मिनिटं गप्प होती. इतकी गप्प मी तिला झोपेतच पाहिलेली. त्या दिवसापासून डबा, सतरंजी आणि आजी, तिन्ही काठावरच. मनोरा नंतर.

ही जागा मुळात झाली कशी, तेही सांगायला हवं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. त्याचे कालवे खाली कोपरगाव-राहात्याकडे जातात. बांधलं ते शेतीच्या पाण्यासाठी, पण दोन्ही नद्या वर्षानुवर्षं गाळ आणत राहिल्या. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, काठानं पाणकणीस माजलं, आणि बदकांना नेमकं हेच लागतं. १९८६ साली इथे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, तीही हीच ठरली. शंभर वर्षांचा गाळ एवढं मोठं घर उभं करतो, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

आता दोनदा का, ते. जानेवारीत थंडी निफाडची, म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. पहाटे साडेपाचला निघतो, चांदोरी-सायखेड्याच्या रस्त्यानं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घडांना कागद लावलेले. पोचतो तेव्हा पाण्यावर धुकं असतं आणि आधी ऐकूच येतं सगळं. धुकं विरलं की दिसतात ते थवे: थापट्या, तलवार बदक, गडवाल ही बदकं, आणि नारिंगी अंगाचे चक्रवाक, जोडीजोडीनं. वारकरी तर शेकड्यानं. काळाकुट्ट पक्षी, कपाळावर पांढरं गंध लावल्यासारखं. मुलगा त्यांना बघून हात जोडतो, आजीनं शिकवलंय.

फेब्रुवारीच्या अखेरीला तेच पाणी, तीच सतरंजी, पण गर्दी विरळ झालेली. चक्रवाक लडाख-तिबेटच्या वाटेला लागतात, बाकीची बदकं त्याच्याही पलीकडे उत्तरेला. वारकरी आणि पाणकोंबडी असतात, कारण त्यांचं गावच हे. एकदाच गेलं तर हे कळतच नाही. आधी काय होतं ते पाहिलेलं असलं तरच काय गेलं ते दिसतं. रोज नव्या ठिकाणी नेलं तर मुलांच्या हाती फोटो राहतील, पण ऋतू पाहायचा तर एकाच ठिकाणी पुन्हा जावं लागतं, असं मला मनापासून वाटतं. पळस बघायला कुठेही जा, पानं तीनच, पण ती झडून त्याच फांदीवर फुलं कधी आली, हे एकाच पळसापाशी दोनदा गेलेल्यालाच ठाऊक.

आणि कंटाळ्याचं म्हणाल तर येतो की. मुलगा आठ वाजताच "घरी कधी जायचं" विचारतोच. मग दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघते. फेब्रुवारीत आईंच्या माहेरच्या शेतावर गव्हाच्या ओंब्या भाजायला मिळतात, हातावर चोळून फुंकर मारायची, कुसं उडून जातात, कोवळे गरम दाणे तळव्यावर राहतात. आई हे करतात तेव्हा दोन्ही मुलं त्यांच्या हाताकडे जशी बघतात, तशी पक्ष्यांकडेही बघत नाहीत. हेही मला नांदूरच्या सहलीतच धरायचंय.

जाणार असाल तर एवढं करा: उजाडायच्या आत पोचा, मळके रंग घाला, गाण्यांचा स्पीकर घरी ठेवा. मागच्या वर्षी शेजारच्या गटानं तो मोठ्यानं लावला आणि अख्खा थवा उठून गेला. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मुलगी मनोऱ्यावर बराच वेळ होती. आता अकरा वर्षांची आहे, दुर्बीण बरोबर बसते. खाली आली आणि म्हणाली, "आजी, थापट्या एकही नाही. चक्रवाक दोनच राहिलेत." आजी म्हणाली, "निघतील गं तेही. ओंब्या खा, गार होतायत." घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहिलं: चक्रवाक २. जानेवारीचं पान उलटून पाहिलं, तिथे तिच्याच अक्षरात ६४ होते.