एसी घ्यायच्या आधी स्लॅबला चुना

सोलापुरात मे महिन्यात पारा 43 पार करतो आणि वरच्या मजल्यावर रात्री बाराला पंख्यातून गरम वाराच येतो. दिवसभर ऊन प्यायलेला स्लॅब तेव्हा ती उष्णता खाली सोडत असतो. जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीमुळे हा त्रास कमी असायचा. आता चार-पाच इंची काँक्रीट आहे, आणि त्यावर उपाय म्हणून एसी.

दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर सहज 6-8 युनिटं खातो. आपल्याकडची बहुतेक वीज अजून कोळशाची. होटगीजवळच्या आहेरवाडीच्या औष्णिक वीज प्रकल्पात 660 मेगावॉटचे दोन संच आहेत आणि त्यांना पाणी उजनी धरणाचं लागतं. 2017 नंतरच्या अशा प्रकल्पांना केंद्राने घातलेली पाण्याची मर्यादा मेगावॉट-तासाला 3 घनमीटर, म्हणजे युनिटमागे 3 लिटर. ग्रिडमधली वीज नेमकी तिथलीच असते असं नाही, पण चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावाने हा हिशेब एकदा मांडून बघावा.

तर चुना. (इथे तो खरोखरचाच लावायचा आहे.) 500 चौरस फुटांना दोन हात द्यायला कळीचा (न विझवलेला) चुना साधारण 10 किलो लागतो, खडबडीत स्लॅबला थोडा जास्त. पत्र्याच्या पिंपात आधी पाणी घ्या आणि चुना थोडा-थोडा टाका. उलट केलंत, तर उकळता चुना अंगावर उडतो. डोळ्याला चष्मा हवाच. प्लॅस्टिकची बादली वापरू नका, ती उष्णतेने वाकते. रात्रभर मुरू द्या, सकाळी कापडाने गाळा, किलोभर फेविकॉल घाला आणि ताकापेक्षा जरा दाट होईल इतकं पाणी घाला. काहीजण मीठ घालतात. स्लॅबवर ते नको, भेगांतून आत गेलं तर सळई गंजते.

भेगा आधी बुजवा, धूळ-शेवाळ घासून काढा. मग स्लॅब ओला करून सूर्य उतरल्यावर कुंचा फिरवा, दुसरा हात आडवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्यासाठी ओल टिकावी लागते. दुपारच्या उन्हात लावलेला चुना भाजून निघतो आणि आठ दिवसांत पायाला भुकटी लागते. बहुतेकांचा चुना फसतो तो इथेच. दोष मालाला देतात. डांबरी शीटवर मात्र तो धरतच नाही, तिथे पांढरा रूफ-पेंटच हवा.

ताजा चुना बहुतांश ऊन परतवतो, खालची खोली साधारण 2 ते 4 अंशांनी उतरते. आपल्याकडची धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून महिन्यातून एकदा झाडू मारा. पावसाळ्यात तो धुपतो, त्यामुळे दर वर्षी गुढीपाडव्याच्या आधी पुन्हा. गच्चीचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडा.

यानंतर कूलर. इथली हवा कोरडी, तो उत्तम चालतो. फक्त समोरची खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. पंखा बदलायची वेळ आली तर 75 वॉटऐवजी 30 वॉटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्या: रोज 12 तास चालला तर महिन्याला 16 युनिटं वाचतात.

सोलर पॅनेल यानंतर. आधी भार उतरवला तर 3 किलोवॉटच्या जागी 2 मध्ये भागतं.