बारा सेकंदांचे चार टक्के

पडद्यावर पाच माणसं होती आणि पाचही गप्प. मी नुकताच पितळी फिटिंगचा भाव सांगितला होता. दुभाषीबाईंनी तो जपानीत सांगितला, समोरच्यांनी माना किंचित खाली घातल्या, आणि मग काहीच नाही. "आवाज येतोय ना?" मी विचारलं. येत होता. आणखी जरा थांबले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पहिलीच ऑर्डर आहे, चार टक्के कमी करू." नंतर रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तर ती शांतता जेमतेम बारा सेकंदांची होती. भाव ऐकून कोणी नाराज झालं नव्हतं. ते आकडा लिहून घेत होते.

हे जानेवारी 2022 मधलं. जपानने तेव्हा बाहेरच्यांना दारं बंद ठेवली होती, त्यामुळे ओळखीपासून भावापर्यंत सगळं पडद्यावरूनच. त्याच बैठकीत कोपऱ्यातल्या एका पोरगेल्या माणसाने विचारलं, एका खोक्यात किती नग आणि खोक्याचं वजन किती? "ते नंतर बघू," म्हणून मी विषय संपवला. मला मोठ्या साहेबांशी बोलायची घाई होती.

चार टक्के गेले ते गेले, खरा फटका पुढे होता. त्यांनी फार अदबीने विचारलं, जमत असेल तर बिल येनमध्ये कराल का? दादाचं म्हणणं सरळ होतं, आपण पितळ डॉलरच्या भावाने घेतो, तर बिलही डॉलरमध्येच. पण समोरच्याने इतक्या नम्रपणे मागितलेली पहिलीच गोष्ट नाकारायची? मला भीड पडली. वर्षभराचा भाव येनमध्ये बांधून दिला. दादाला मात्र सांगितलं की येन हे भरवशाचं चलन आहे, आणि तसा एक तक्ताही करून दाखवला. भिडेपोटी घेतलेला निर्णय आकड्यांत मांडायला मला अर्धा तासही लागला नाही.

बँकेतल्या साहेबांनी आपणहून विचारलं होतं, "फॉरवर्ड कव्हर घेता का?" म्हणजे पुढच्या महिन्यांत येणारे येन कोणत्या दराने विकायचे ते आजच ठरवून टाकायचं. दादा म्हणाला, "अगं, तो सट्टा आहे. आपल्या घरात कोणी केलेला नाही." मीही मान डोलावली. कव्हर न घेणं हाच सट्टा होता हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. वर गंमत अशी, की ज्या चलनावरचं व्याज आपल्यापेक्षा कमी, त्याचा पुढचा दर आजच्यापेक्षा चढा मिळतो. बँक ऑफ जपानचा दर तर उणे 0.1 टक्के होता. कव्हर घेतलं असतं तर त्या दिवशीच्या दरापेक्षा चार पैसे जास्तच मिळाले असते.

जानेवारीत एका डॉलरला साधारण 115 येन पडत होते. ऑक्टोबरात हा आकडा 150 च्या वर गेला. दहा लाख येनच्या बिलाचे आधी सुमारे 8,700 डॉलर झाले असते, आता 6,700 सुद्धा होईनात. माल तोच, मेहनत तीच.

मधल्या काळात एलसीचंही शिकून झालं. एलसी म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी. पहिल्या खेपेला मी एलसीचा आग्रह धरला, तो त्यांना जरासा लागला. शब्द दिलाय, मग बँक मध्ये कशाला, असा सूर. तरी दिली. यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक फक्त कागद बघते, माल नाही, आणि कागदात खोट निघाली तर पाच बँक-दिवसांत कळवते. आमच्या पॅकिंग लिस्टमध्ये मॉडेल क्रमांकातले दोन अंक उलटसुलट पडले होते. 'मॉडेल' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं असतं तर चाललं असतं, कारण त्याने अर्थ बदलत नाही. क्रमांक बदलला की वस्तूच बदलली. बँकेने कागद अडवले आणि आमचा जीव टांगणीला लागला. खरेदीदाराने दुसऱ्याच दिवशी लेखी संमती देऊन ते सोडवले. ज्यांच्यावर भरवसा नको म्हणून एलसी घेतली, त्यांनीच सोडवलं. पुढच्या खेपेपासून एलसी बंद.

त्याऐवजी त्यांची नेहमीची पद्धत आली. महिनाअखेरीला हिशेब बंद, पैसे पुढच्या महिनाअखेरीला. मी ते तीस दिवस धरून चालले होते. 2 तारखेला पोचलेल्या मालाचे पैसे जवळजवळ दोन महिन्यांनी आले तेव्हा डोळे उघडले. 28 तारखेला पोचला असता तर एका महिन्यात सुटले असते. यावर त्यांच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नव्हता, सगळ्या पुरवठादारांना एकच नियम. आम्ही जहाजाची तारीख बदलली.

त्याच वर्षी एक जर्मन गिऱ्हाईक मिळालं. त्यांचं पहिलं उत्तर दोन ओळींचं: भाव जास्त आहे, या टॉलरन्सला (मापात चालणाऱ्या फरकाला) परवडत नाही. ना नमस्कार, ना चमत्कार. मला रागच आला. त्यांच्या बिलांत 'स्कोन्टो' असतो, चौदा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवस. यावेळी मात्र बसून हिशेब केला. सोळा दिवस लवकर पैसे मिळावेत म्हणून दोन टक्के सोडायचे, म्हणजे वर्षाला साडेसेहेचाळीस टक्के व्याज भरल्यासारखं. नाही म्हणून कळवलं. त्याच दुपारी उत्तर आलं, ठीक, तीस दिवस. कोणी रुसलं नाही. तोंडावर बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणं किती सोपं असतं!

येनचं दुखणं मात्र राहिलंच. सप्टेंबरात मी आलेखासकट एक कडक पत्र थेट त्यांच्या विभागप्रमुखांना पाठवलं. उत्तर आलं, 'केन्तो शिमासु', विचार करतो. मी आनंदाने दादाला सांगितलं, मानले बहुतेक. तीन आठवडे काहीच हललं नाही. दुभाषीबाई शेवटी म्हणाल्या, "ताई, याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो. आणि तुम्ही खालच्या सगळ्यांना ओलांडून गेलात." मग त्यांनी 'नेमावाशी' समजावलं. झाड हलवण्याआधी माळी बरेच दिवस आधी मुळांभोवती खणतो, मुळं छाटतो, झाडाला सवय होऊ देतो. तसंच बैठकीआधी एकेकाशी वेगवेगळं बोलून ठेवायचं. ठरावाचा कागद खालून वर जातो, प्रत्येकाची मोहोर घेत. बैठकीत तो फक्त वाचायचा.

ऑक्टोबरात जपानने दारं उघडली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये मी गेले. चार दिवसांत मोठ्या साहेबांना एकदाच भेटले, तेही पंधरा मिनिटं. बाकी वेळ खरेदी, तपासणी, गोदाम. मागणी एकच ठेवली: येनचा दर ठरल्या आकड्यापासून पाच टक्क्यांच्या आत हलला तर भाव तोच, त्यापलीकडचा फरक निम्मा तुमचा, निम्मा आमचा. जुन्या खेपांचा विषय काढला नाही. तो पैसा बुडाला, आणि कव्हर न घेणारी मीच होते.

शेवटच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तो कागद होता. अटी ऐकून ते गप्प बसले. मीही बसले. या वेळी मोजलं नाही, पण बारा सेकंदांपेक्षा बरंच जास्त होतं. मग त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. सात लाल मोहोरा होत्या. सगळ्यात पहिली कोणाची, असं मी दुभाषीबाईंना विचारलं. गोदामातल्या त्या खोकेवाल्या मुलाची.