क्रॉसटॉक, नोंद ४ : उणे ०.३४ वरून अधिक ०.१७

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं, की माझ्या चिपमधला काउंटर (मोजणी करणारं सर्किट) १२५ मेगाहर्ट्झला बसला, सेटअप स्लॅक, म्हणजे सिग्नल क्लॉकच्या ठोक्याआधी पोचून उरलेला वेळ, अधिक ०.२१ नॅनोसेकंद (उणे असेल तर सिग्नल उशिरा पोचतो). ते मागे घेतो. आकडा खोटा नव्हता, पण शेजारच्या तारा गप्प बसल्यात असं धरून काढलेला होता. शेजारच्या तारेचा त्रास होणं म्हणजेच क्रॉसटॉक.

नव्यानं आलेल्यांसाठी : परभणीत माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटर पीडीकेवर, म्हणजे गुगलनं २०२० मध्ये खुलं केलेल्या त्या चिप आखायच्या किटवर बसतो. जमिनीच्या ओलाव्याच्या सेन्सरची फ्रिक्वेन्सी मोजणारा १६ बिटी काउंटर करतोय. प्लेसमेंट-रूटिंग (भाग मांडणं आणि तारा ओढणं) ओपनरोड या सॉफ्टवेअरनं, टायमिंगचा हिशेब ओपनएसटीएनं. मातीला १२५ मेगाहर्ट्झ लागत नाहीत हे मलाही कळतं. हौस आहे.

मेटल १ ची (चिपवरच्या धातूच्या एका थरातली) तार कमीत कमी ०.१४ मायक्रॉन रुंद असते, शेजारीण तेवढ्याच अंतरावर, आणि तारेची उंची साधारण ०.३६. म्हणजे दोन भिंती समोरासमोर उभ्या. माझ्या ४०० मायक्रॉन लांबीच्या बसमध्ये (शेजारी-शेजारी जाणाऱ्या तारांच्या जुडग्यात) एका तारेची एकूण कपॅसिटन्स (ती जास्त तितका सिग्नल सावकाश) ७० फेम्टोफॅरडच्या आसपास निघाली, त्यातली निम्मी शेजाऱ्यांशी, तीच कपलिंग. ओपनएसटीए ही कपलिंग सरळ ग्राउंडला जोडलेली धरतं, म्हणजे गुणक १. पण शेजारीण त्याच क्षणी उलट दिशेनं पलटली (एकीचं ० चं १ होताना दुसरीचं १ चं ०) तर तीच कपॅसिटन्स दुप्पट भासते, आणि बरोबरीनं पलटली तर जवळपास शून्य. शेजारीण खूपच चपळ असेल तर गुणक दोनच्याही वर, तीनपर्यंत जातो. ते प्रकरण मी सध्या बाजूला ठेवलंय.

एसपीईएफ (तारांच्या कपॅसिटन्सचे आकडे असलेली फाइल) वाचताना सगळीकडे गुणक २ दिला. संथ कोपरा, म्हणजे चिप सर्वात हळू चालेल अशी परिस्थिती : १०० अंश, १.६० व्होल्ट (मे महिन्यातलं माझं पत्र्याचं दुकान समजा). स्लॅक उणे ०.३४.

आता हे जरा अतीच झालं. सगळ्या शेजारणी एकाच क्षणी, सगळ्या उलट दिशेनं? जेवताना थोरल्या भावाला सांगत होतो. दादा शेती बघतात. म्हणाले, "एका डीपीवर सात मोटारी हायत, पण सगळ्या एकदम चालू केल्या तरच डीपी बसती ना? ज्याची रात्रपाळी त्याचा दिवसा काय तरास?" टायमिंग विंडो हीच. प्रत्येक तार क्लॉकनंतर लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी पलटू शकते, हे ओपनएसटीएकडून काढायचं. दोन शेजारणींच्या वेळा एकमेकींवर येत असतील तरच गुणक २, नाहीतर १. पायथॉनची दोनशे ओळींची स्क्रिप्ट, ती एसपीईएफमधले आकडे बदलते आणि ओपनएसटीए पुन्हा चालवते.

पहिले दोन रविवार पाण्यात गेले. क्लॉक आयडियल, म्हणजे सगळीकडे एकाच क्षणी पोचतो असा, ठेवूनच विंडो काढत होतो. क्लॉक ट्रीतला (क्लॉक सगळीकडे वाटणाऱ्या झाडातला) उशीर धरलाच नव्हता, त्यामुळे झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांवरचे फ्लॉप (एक-एक बिट धरून ठेवणारे भाग) एकाच वेळी उठतात असं स्क्रिप्ट मानत होती. प्रोपगेटेड, म्हणजे हा उशीर धरणारा, क्लॉक लावला आणि निम्म्या जोड्या बदलल्या.

खरी गंमत त्यापुढे. विंडो उशिरावर अवलंबून, उशीर कपलिंगवर, कपलिंगचा गुणक पुन्हा विंडोवर. म्हणजे फेऱ्या माराव्या लागतात, आणि सुरुवात कुठून करायची हा प्रश्न येतो. मी आधी खालून चढलो : कपलिंगचा त्रास कुणालाच नाही असं धरून सुरू, मग विंडो फेरीगणिक रुंदावत जातात. तिसऱ्या फेरीला रात्री अकरा वाजता लाईट गेली. शेवटचा छापलेला स्लॅक अधिक ०.०९. छान वाटला, पण त्याला काही अर्थ नव्हता. खालून चढताना मधला प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा गोड असतो, आणि फेऱ्या स्थिरावल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही.

मग वरून उतरलो : सगळ्यांच्या वेळा सगळ्यांवर येतात असं धरून सुरू. उणे ०.३४, मग उणे ०.११, मग उणे ०.०५, पुढे हलेना. इथं मधल्या कुठल्याही फेरीला थांबलो तरी आकडा खऱ्यापेक्षा वाईटच असतो, म्हणजे फसवत नाही. नंतर खालून चढणंही पुरं केलं, ते अधिक ०.०२ वर स्थिरावलं. म्हणजे एकाच डिझाइनला दोन स्थिर उत्तरं, आणि खालून चढून मिळालेलं कमी निराशावादी. पुस्तकी दृष्ट्या तेच चांगलं. पण आमच्याकडची लाईट बघता मी वरूनच उतरणार.

उरलेले उणे ०.०५ हातानं काढले. बसमधल्या तीन तारांमध्ये एक-एक ट्रॅक (तारेची जागा) मोकळा सोडला आणि दोन बफर (सिग्नलला जोर देणारे भाग) ताकदीनं एक नंबरचे होते ते चार नंबरचे केले. स्लॅक अधिक ०.१७. बफर आठ नंबरचे करून पाहिले तर ते स्वतःच शेजाऱ्यांना त्रास देऊ लागले आणि सिग्नलचा दुसरा मार्ग बिघडला, म्हणून चारवर थांबलो.

नॉइजचं, म्हणजे गप्प तारेवर शेजाऱ्यांमुळे येणाऱ्या उसळीचं, अजून अर्धवट आहे. रिसेटची (फ्लॉप मूळ स्थितीत आणणारी) तार त्याच बसच्या कडेनं जाते, हे केलाउटमध्ये (चिपचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) योगायोगानं दिसलं. ती गप्प असताना शेजारच्या दोघी एकदम वर गेल्या तर तिच्यावर किती उसळी येते, ते एनजीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये वेगवान कोपऱ्यात, १.९५ व्होल्टला पाहिलं. टोक ०.५२ व्होल्ट. फ्लॉप पलटला नाही, कारण उसळी फारच अरुंद होती. डेटाच्या तारेवर हे मी सोडून दिलं असतं, तिथं क्लॉकच्या पुढच्या काठापर्यंत सगळं निवतं. रिसेट क्लॉकची वाट पाहत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडच्या तारा टाकतोय, थोडी जागा गेली तरी चालेल.

होल्डसाठी, म्हणजे सिग्नल फार लवकर तर पोचत नाही ना हे पाहायला, गुणक ० लावून वेगवान कोपऱ्यात पहिली फेरी टाकलीय. पाच मार्ग लाल (नापास) आहेत, पाचही शिफ्ट रजिस्टरमधले (एकापुढे एक जोडलेल्या फ्लॉपच्या रांगेतले).