१९५१चा मोसम आणि छापून न आलेला नकार

सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी जुन्या वर्तमानपत्रांच्या विभागात काम करते. शे-दीडशे वर्षांची वर्तमानपत्रं इथे मायक्रोफिल्मच्या रिळांवर आहेत. लोखंडी कपाटांतून रीळ काढायचं, यंत्रावर चढवायचं, भिंग जुळवायचं आणि माणसाला खुर्चीत बसवून द्यायचं. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्याची सवय होते. येणारे बहुतेक जण आजोबांच्या मृत्यूची बातमी शोधायला येतात, नाहीतर १९०६च्या भूकंपाची पानं बघायला. त्या दिवशी आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मात्र चार महिने हवे होते. १९५१चा सप्टेंबर ते डिसेंबर, फक्त खेळाची पानं.

बरोबर त्यांची नात होती, आठवीतली. शाळेत इतिहासाचा प्रकल्प होता आणि विषय आजोबांनी सुचवला होता : सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१चा फुटबॉल संघ. नातीला त्यात एकच पान हवं होतं. "ते 'नाही' म्हणाले ती बातमी," ती म्हणाली, "मला तिची प्रत पाहिजे."

मला त्या संघाबद्दल ऐकीव माहिती होती. शहरात 'डॉन्स' हे त्या संघाचं नाव काढलं की जुन्या लोकांचे डोळे लकाकतात, इतपतच. त्या दिवशी कामाची गर्दी नव्हती, म्हणून मीही शेजारी बसले.

इथला फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर धावून येणाऱ्यांना चुकवत समोरच्या संघाची शेवटची रेघ ओलांडायची, की टचडाउन. आणि १९५१मध्ये कॉलेजचा फुटबॉल हा व्यावसायिक फुटबॉलपेक्षाही मोठा सोहळा होता. नियमित मोसम नोव्हेंबरात संपायचा. मग ज्यांचा खेळ गाजला त्यांना नव्या वर्षाच्या सुमारास 'बोल' नावाच्या मोठ्या सामन्यांची आमंत्रणं यायची. ऑरेंज बोल मायामीत, शुगर बोल न्यू ऑर्लिन्सला, गेटर बोल जॅक्सनव्हिलला. या आमंत्रणात मान होता आणि पैसाही होता. जेझुइट पाद्र्यांनी चालवलेल्या त्या लहानशा विद्यापीठाला पैशाची निकड होती. फुटबॉल तोट्यात चालला होता आणि बोलचं आमंत्रण हीच तगण्याची आशा होती.

आजोबा तेरा वर्षांचे असताना केझर स्टेडियममध्ये शेंगदाणे विकायचे. गोल्डन गेट पार्कच्या कडेला असलेलं हे मैदान. समुद्रावरून धुकं आलं की पलीकडची बाजू दिसायची नाही, आणि सामना संपत आला की समुद्रपक्षी उष्टं-खरकटं टिपायला थव्यानं उतरायचे. शेंगदाणे विकायचं काम त्यांनी घेतलं ते फुकट सामना बघता यावा म्हणून. आणि बघायचं होतं ते ऑली मॅटसनला.

रीळ पुढे सरकू लागलं. सॅन होजे स्टेटविरुद्ध ३९-२. आयडाहोविरुद्ध २८-७. आजोबा आकडे पडद्यावर यायच्या आधीच सांगत होते. मग ऑक्टोबरात न्यूयॉर्कला जाऊन फोर्डम विद्यापीठाशी झालेला सामना. तिथे त्यांचा आवाज चढला. समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू मॅटसननं आपल्या टोकाला झेलला आणि जवळजवळ अख्खं मैदान पळून टचडाउन केला. एकाच सामन्यात दोनदा. दोन्ही धावा नव्वद यार्डांच्या घरातल्या. ३२-२६. देशाच्या पूर्वेकडच्या पत्रकारांनी हा संघ डोळ्यांनी पाहिला तो तेव्हा.

मॅटसननं त्या मोसमात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव काढली, देशातल्या सगळ्या कॉलेज खेळाडूंत सर्वांत जास्त. म्हणजे जवळपास दीड किलोमीटर, आणि त्यातला प्रत्येक यार्ड कुणीतरी पाडायला धावत असताना. शिवाय २१ टचडाउन. बचावातही तोच. दुसऱ्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच माणसानं ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेमध्ये रौप्य पदक मिळवलं.

त्याच्या जोडीला बचावात बर्ल टोलर. मॅटसन आणि टोलर, संघातले दोन कृष्णवर्णीय खेळाडू. टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा, वेगळे नळ, बसमधल्या वेगळ्या जागा, हे सगळं जगून कॅलिफोर्नियात आलेला. बाकीच्यांत बॉब सेंट क्लेअर हा अवाढव्य पोरगा याच शहरातला, आणि जिनो मार्केटी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढून परतलेला. प्रशिक्षक जो कुहारिच. प्रसिद्धीचं काम बघायला विशीतला एक तरुण होता, पीट रोझेल. पुढे १९६०मध्ये तो अख्ख्या राष्ट्रीय व्यावसायिक लीगचा आयुक्त झाला.

त्याच ऑक्टोबरातल्या एका बातमीपाशी आजोबांनी मला थांबायला सांगितलं. २० ऑक्टोबर १९५१. ओक्लाहोमात ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याचा जबडा समोरच्या खेळाडूनं कोपराचा तडाखा मारून फोडला. चेंडू ब्राइटच्या हातात नव्हताच. त्या प्रसंगाच्या छायाचित्रमालिकेला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. "हे बघ आधी," आजोबा नातीला म्हणाले. "तेव्हाचा देश कसा होता ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही." प्रकल्पाच्या वहीत तिनं तारीख टिपून घेतली.

मग नोव्हेंबर. स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकविरुद्धचा सामना, दोघांचाही डोळा ऑरेंज बोलवर. डॉन्सनी ४७-१४ असा धुव्वा उडवला. शेवटी लोयोलाविरुद्ध २०-२. नऊ सामने, नऊ विजय, एकही बरोबरी नाही. देशाच्या क्रमवारीत चौदावं स्थान.

आणि पुढे काही नाही. ऑरेंज बोलला जॉर्जिया टेक आणि बेलर गेले, दोन्ही दक्षिणेतले.

"आता ते पान," नात म्हणाली.

आम्ही शोधलं. आधी सावकाश, मग पुन्हा उलट फिरवून, मग दुसऱ्या वर्तमानपत्राचं रीळ चढवून. बोलची आमंत्रणं कुणाला गेली याच्या बातम्या होत्या. पण संघानं नकार दिला, असं सांगणारी ओळ आम्हाला त्या दिवशी कुठेच दिसली नाही. आजोबा शांत होते. त्यांना हे ठाऊक असावं.

झालं होतं ते असं, खेळाडूंनीच पुढे अनेक मुलाखतींत सांगितलेलं. मोसमाच्या अखेरीस कुहारिच यांनी पोरांना गोळा केलं आणि सांगितलं, बोलमध्ये जाता येईल, पण मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवावं लागेल. पोरं नाही म्हणाली. मार्केटी, सेंट क्लेअर वगैरेंच्या आठवणींत एक गोष्ट पुनःपुन्हा येते : मतदान झालं नाही. चर्चाही झाली नाही. त्या दोघांना सोडून जायचं हा विषय बोलण्याजोगा आहे असं कुणालाच वाटलं नाही.

मी या जागी थोडी अडखळले. माझं सगळं काम कागदावर उभं आहे. ठराव, इतिवृत्त, पत्र, बातमी. कागद असेल तर घडलं, असं म्हणण्याची आमच्या विभागाची रीत. आणि इथे मोसमातला प्रत्येक गुण छापलेला, कुणी कितव्या यार्डावर पडला तेही छापलेलं, पण त्या पोरांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट आमच्या हाती आलेल्या एकाही पानावर नाही. मतदान झालं असतं तर कदाचित कुणीतरी आकडे लिहून ठेवले असते. झालं नाही, म्हणून नोंद नाही. मला वाटतं, या नकाराचं मोठेपण नेमकं तिथे आहे. मताला टाकण्याइतकीही शंका त्यांना नव्हती.

आणि किंमत त्यांना माहीत होती. मोसम संपल्यानंतर काही आठवड्यांतच विद्यापीठानं फुटबॉल बंद केला. प्रशिक्षकांची नोकरी गेली, अजून शिकत असलेल्या खेळाडूंना दुसरीकडे जागा शोधावी लागली. सेंट क्लेअर शेवटच्या वर्षासाठी टुल्सा विद्यापीठात गेला. दुबळे प्रतिस्पर्धी निवडले म्हणून बोलावलं नाही, अशीही कारणं सांगितली गेली. पण दक्षिणेतल्या बोलना कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ नको होता, हे शहरात तेव्हाही बोललं जात होतंच. आजोबांचे वडील जेवताना बोलले होते. तेरा वर्षांच्या मुलाच्या कानावर पडलं, पण त्याला एवढंच समजलं की पुढच्या शरद ऋतूत मॅटसन केझरवर दिसणार नाही. पूर्ण गोष्ट त्यांनी १९९०मध्ये वाचली, एका राष्ट्रीय क्रीडा साप्ताहिकातल्या लेखात. तोवर ते पन्नाशी ओलांडून गेले होते.

"मग मी काय चिकटवू?" नातीनं विचारलं. तिच्या तक्त्यावर मधोमध एक चौकोन रिकामा ठेवलेला होता.

मी तिला म्हटलं, शेवटच्या सामन्याच्या निकालाची प्रत घे, आणि मग या माणसांचं पुढे काय झालं ते शोधू. पुढची रिळं आणि संदर्भग्रंथ काढण्यात दुपार कशी गेली कळलं नाही. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर, एकाच कॉलेज संघातले तिघं व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. १९५९मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघानं एकट्या मॅटसनच्या बदल्यात नऊ खेळाडू दिले, आणि तो सौदा करणारा होता रोझेल, तेव्हा रॅम्सचा व्यवस्थापक. सेंट क्लेअर फोर्टीनाइनर्स या शहराच्या व्यावसायिक संघाकडून वर्षानुवर्षं त्याच केझरवर खेळला. तिथल्या मैदानाला आता त्याचं नाव आहे.

मुलगी सर्वांत जास्त रेंगाळली ती टोलरपाशी. १९५२च्या उन्हाळ्यात कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. तो शिक्षक झाला, पुढे याच शहरातल्या माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक. शहरातल्या एका शाळेच्या आवाराला आज त्याचं नाव आहे. आणि १९६५मध्ये तो राष्ट्रीय लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. १९८०च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या लीगच्या अंतिम सामन्यातही तो पंच होता. ज्याला खेळाडू म्हणून एका बोलमध्ये येऊ दिलं नाही, तो देशातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात नियम कुणी मोडला ते सांगत उभा होता. हे वाचून मुलीनं टेबलावर थाप मारली. वाचनकक्षातल्या दोघातिघांनी वळून पाहिलं आणि मला त्याचा मुळीच राग आला नाही.

विद्यापीठानं २००६मध्ये त्या संघातल्या खेळाडूंना मानद पदवी दिली. टोलर २००९मध्ये गेला, मॅटसन २०११मध्ये, सेंट क्लेअर २०१५मध्ये आणि मार्केटी २०१९मध्ये.

निघताना मी आजोबांना विचारलं, आमच्याकडे शहरातल्या जुन्या रहिवाशांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवतात, तुम्ही याल का? ते म्हणाले, मी तर शेंगदाणे विकत होतो, मी काय सांगणार! मी म्हटलं, केझरवर त्या मोसमात काय दिसत होतं, लोक काय बोलत होते आणि तुमचे वडील जेवताना काय म्हणाले, तेवढं सांगा. कागदावर नाही ते तसंच गोळा करावं लागतं.

ते तयार झाले. प्रश्न नात विचारणार असं ठरलं. दरम्यान मी आमच्या स्थानिक इतिहासाच्या सूचीत बघितलं. हा संघ 'केझर स्टेडियम' आणि 'कॉलेज फुटबॉल' एवढ्या दोनच विषयांखाली नोंदवलेला होता. सूचीचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याला मी 'नागरी हक्क' आणि 'वंशभेद' हे दोन विषय जोडायला सांगितले, आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आजोबा आले तेव्हा ती नोंद त्यांना पडद्यावर दाखवता आली. मग दार लावून मुलीनं पहिला प्रश्न विचारला : "आजोबा, मॅटसन पळायला लागला की लोक बसूनच राहायचे की उभे राहायचे?"