डीआय बॉक्स: अखेर हम गेला!

मी डीआय बॉक्स बनवतोय, म्हणजे बासचा सिग्नल थेट मिक्सरला नेणारा डबा. त्यात तीन आठवडे ज्याने छळलं तो ५० हर्ट्झचा हम (विजेच्या लाइनची घरघर) काल रात्री साडेअकराला गेला.

१२:१ चा ट्रान्सफॉर्मर टेबलावर उघडा होता तेव्हा सगळं चोख चाललं होतं. डब्यात बसवून नट आवळले, थ्रूमधून (सिग्नल तसाच पुढे देणाऱ्या जॅकमधून) बासचा ॲम्प जोडला आणि घरघर सुरू. ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारा स्विच) इकडे करा नाहीतर तिकडे, काडीचा फरक नाही. ॲम्प काढला की शांत. म्हणजे ग्राउंडचा लूप (दोन वाटांनी जोडलेलं वर्तुळ) होता हे उघड, पण लिफ्टने तो तुटत का नव्हता? स्विच बदलला, केबली बदलल्या, ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवून पाहिला. काल जॅकचा नट सैल केला आणि आवाज गप्प! मल्टिमीटर लावला: जॅकचा स्लीव्ह (ग्राउंडचा भाग) ते डबा, सरळ बीप. आवळताना वॉशरने डब्याचा रंग खरवडला होता. डबा एक्सएलआरच्या (मिक्सरकडे जाणाऱ्या सॉकेटच्या) पिन १ ला, म्हणजे ग्राउंडला जोडलेला, त्यामुळे लिफ्टला वळसा घालून ग्राउंड डब्यातूनच जात होता. दोन्ही जॅक प्लास्टिक बुशचे लावले, काम फत्ते. जॅकमध्ये पैसे वाचवू नका, न्यूट्रिकच घ्या.

मग फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारांचा बास ॲम्पशिवाय, डब्यातून थेट इंटरफेसमध्ये (संगणकाला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रात) लावला. प्रीॲम्पचा १.५ किलोओहमचा इनपुट रोध १२ च्या वर्गाने, म्हणजे १४४ पटीने वाढून बासला २१६ किलोओहम दिसतो. लेव्हल साधारण २२ डीबी पडते, पण खालचा ई काय गोल वाजला! कितीतरी वेळ तोच एक सूर वाजवत बसलो.

साठच्या दशकात डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या इंजिनिअरांना असा डबा बाजारात मिळत नव्हता, त्यांनी स्वतःच बनवला. एड वुल्फ्रम यांच्या डब्यात ट्रायडचा ए-११जे ट्रान्सफॉर्मर होता. तिथला बासवादक जेम्स जेमर्सनचा बास थेट डेस्कमध्ये (मिक्सरमध्ये) जायचा, त्याच्यासाठी ॲम्पसमोर माइक लावावा लागत नव्हता. लंडनला ॲबी रोड स्टुडिओत इंजिनिअर केन टाउनसेंड यांच्या ट्रान्सफॉर्मर बॉक्समधून १९६७ मध्ये बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा बास असाच गेला.

पुढे जेफेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) ॲक्टिव्ह, म्हणजे वीज लागणारा डीआय करणार होतो. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, तो राहू दे. मोटाउनमध्ये गिटार आणि बास एकाच स्पीकरवर ऐकत वाजवायचे. तसाच चार इनपुटचा डबा करावा, आमच्या सरावाच्या खोलीला तेच हवं आहे. अजून तीन ट्रान्सफॉर्मर लागतील. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय, प्लास्टिक बुशचे जॅक डझनभर आणतो.