टर्मिनलमधून राउटर

राउटरचं ते ब्राउझरमधलं पान मी आता जवळपास उघडतच नाही, कारण ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली) टाकल्यापासून सगळं टर्मिनलमधूनच, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतूनच होतं. एसएसएच करून (म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे लॉगिन करून) रूट म्हणजे मुख्य वापरकर्ता म्हणून १९२.१६८.१.१ या राउटरच्या पत्त्याला जायचं की झालं, आत एक छोटं लिनक्सच बसलेलं असतं, एलएस, कॅट, ग्रेप या त्याच नेहमीच्या कमांड.

परवा व्हिडिओ कॉल सारखा अडकत होता म्हणून आयडब्ल्यूइन्फो स्कॅन ही आजूबाजूची वायफाय नेटवर्क दाखवणारी कमांड मारून बघितलं तर आजूबाजूची बहुतेक सगळी नेटवर्क चॅनल ६ वरच, आणि माझंपण तिथेच! २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हेच तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, त्यामुळे ११ मोकळा दिसल्यावर यूसीआय सेटने (यूसीआय म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीची सेटिंग बदलायची कमांड) तो लावला, मग बदल कायम करायला यूसीआय कमिट, मग तो लागू करायला वायफाय रीलोड. कॉल लगेच सुरळीत झाला.

यूसीआयची मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे कमिट करेपर्यंत बदल टेम्प म्हणजे तात्पुरत्या फोल्डरमध्ये राहतो, यूसीआय चेंजेसने नक्की काय बदललंय ते दिसतं आणि चुकलं तर यूसीआय रिव्हर्टने तो मागे घेता येतो. कमिट केलं की मग ते ईटीसी कॉन्फिगमधल्या वायरलेस नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जातं, तिची कॉपी मी एससीपीने (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) लॅपटॉपवर ठेवतेच.

एक मात्र सांगते, हे सगळं करताना केबल लावूनच बसा, वायफायवरून केलंत तर रीलोडच्या क्षणी एसएसएच तुटतं आणि सेटिंगमध्ये वायफायचा पासवर्ड चुकीचा टाकला असेल तर वायफायवरून परत आत जाता येत नाही. आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये लॉगरीड -एफ (राउटरच्या नोंदी सतत दाखवणारी कमांड) चालू ठेवा, कुठलं डिव्हाइस का जोडलं जात नाहीये ते तिथे सरळ दिसतं.