फळ्याखालची वही

वाचनालयाच्या पडवीतला फळा खरं तर सुविचारासाठी असतो. पण एखाद्या निवृत्त गुरुजींच्या हाती खडू आला की त्याच्या कोपऱ्यात हळूच विज्ञान शिरतं. आज भरती कधी, चंद्र किती वाजता उगवणार, आंब्याचा मोहोर का गळतो. खाली सुतळीने बांधलेली एक वही आणि पेन्सिल. पेनच का नको? पावसाळ्यात सादळलेल्या पानावर शाई फुटते, पेन्सिल नीट उमटते. गावोगावची हौशी विज्ञान मंडळं सुरू होतात ती एवढ्या सामग्रीवर. घटना, अध्यक्ष, बॅनर हे नंतर येतं आणि बहुधा तिथूनच उतार लागतो.

फळ्यावर एकाचं अक्षर असतं, वहीत सगळ्यांचं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे अलिबागकडे कुणालाही तोंडपाठ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. फळ्यावर तसं लिहिलं की वहीत कुणीतरी टोकतो : सव्वाअकरानंतरही पाणी चढतच होतं. त्याखाली दुसरं अक्षर : पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं. आपण धरतो 45. तिथीमागची 3 मिनिटं पौर्णिमेपर्यंत पाऊण तास होतात. तिसरा विचारतो, वेळ खाडीच्या तोंडाची लिहिलीत की आतल्या जेटीची? आत पाणी उशिरा चढतं. मालवणचा कुणी पाहुणा आला तर तो आणखी एक ओळ घालतो, की आमच्याकडे भरती मुंबईच्या आधी येते, तुमचा पाऊणकीचा हिशेब तिथे जसाच्या तसा चालायचा नाही. असं एक पान भरलं की मंडळाची तब्येत ठणठणीत समजावी.

गर्दी मात्र आकाशामुळे जमते. 1986 साली हॅलेचा धूमकेतू, 1995 च्या ऑक्टोबरात सूर्यग्रहण. दरवर्षीचा हुकमी कार्यक्रम म्हणजे शून्य सावली : भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली पडत नाही तो दिवस. मेच्या 3 तारखेच्या सुमारास ती सावंतवाडीत असते, 7-8 ला रत्नागिरीत, 14 च्या आसपास अलिबागेत. चाकरमानी पोराबाळांसह आलेले, आंबे उतरलेले, पडवी भरलेली. आणि नेमकी इथेच फजिती होते. लोक बाराच्या ठोक्याला काठी उभी करतात. आपलं घड्याळ 82.5 रेखांशाचं, कोकण 73 च्या आसपास. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो साडेबारा वाजून दोन ते पाच मिनिटांनी. बाराला मीटरभर काठीची सावली चांगली 13-15 सेंटिमीटर पडते. दुसरी चूक लादीची. पाणी जावं म्हणून पडवीला उतार दिलेला असतो. त्यावर बाटली ठेवली की तीही कलते. एका अंशाचा कल मीटरभर काठीला पावणेदोन सेंटिमीटर सावली देतो. गवंड्याचा ओळंबा आणावा, काठी त्याच्याशी दोन बाजूंनी जुळवावी, मग बारा पंचवीसपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करावी. या खुणाच खऱ्या. बिनसावलीचा फोटो कुणीही काढतो. शून्य सावली जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीलाही पुन्हा येते, पण तेव्हा वर ढग आणि पडवीत गुरुजी एकटे.

ऑगस्टातच फळ्याची खरी परीक्षा. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाची आठवण म्हणून विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो, आणि फळ्यावर दरवर्षी एक वाक्य येतं : लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला. लॉकियर हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, आणि ते तेव्हा इंग्लंडात होते. ग्रहण पाहिलं ते आंध्रातल्या गुंटूरला, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी. लॉकियरना सूर्याच्या वर्णपटातली, पुढे हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेघ ऑक्टोबरात, ग्रहणाशिवायच दिसली. आणि हेलियम वायू पृथ्वीवर हाती लागला 1895 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्या प्रयोगात. विजयदुर्गाचा मान यात कमी होत नाही, ग्रहणाचा पट्टा तिथून गेला होताच. पण चांगल्या दिवसांत हे सगळं दुपारपर्यंत वहीत आलेलं असतं, वर गुरुजींची सही, 'दुरुस्ती मान्य'.

उताराच्या दिवसांत तेच वाक्य गेल्या वर्षीच्या फळ्याच्या फोटोवरून उतरवलं जातं, फक्त साल बदलून. वहीत चौघांनी 'छान माहिती' लिहिलेलं असतं. तेही पेनने, फुटलेल्या शाईत.